पेटता कापूर अन् गळतं पेट्रोल

मित्रांनो, आज दुपारची गोष्ट सांगतो.

लांबच्या फिरतीची माझी मोटारसायकल सहा वर्षं चाकूरच्या घरी धूळ खात पडली होती. आज कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा नवा पाइप बसवला, टाकीचा कॉक सोडला. किक मारायच्या आधी आई पूजेचं ताट घेऊन आली. ताटात कापूर पेटलेला.

ती ओवाळायला वाकली अन् मला फरशी ओली दिसली. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून तिच्या पावलांपर्यंत आलं होतं.

"आई, मागं सर!" मी ओरडलो.

"देवाच्या कामात वरडून का राहिला रे?" म्हणत ती ताटासकट घरात गेली.

आई अजून रुसलीय. तुम्ही माझ्या जागी असता तर तिला पेट्रोलचं खरं सांगितलं असतं का? माझी हिंमत होईना. ओवाळायला ये, अशी हाक मीच मारली होती.