भिकाऱ्याच्या तोंडाकडं बघू नका

परदेशी जायचं म्हणजे विमान, टाय, गळ्यात हार आणि निरोप द्यायला रडके नातेवाईक, असा आमच्या सातारा-सांगलीकडं तेव्हा समज होता. मी परदेशी गेले ती यात्रेच्या बसमधून, मांडीवर आत्याची शेंगदाण्याच्या चटणीची बरणी धरून. नेपाळच्या हद्दीवर, रक्सौलला, रस्त्यावरचा आडवा बांबू कुणीतरी वर उचलला, पलीकडं बिरगंज लागलं, आणि आम्ही फॉरेनला पोचलो. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "हितंबी म्हशीच हायत की," म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. काशी, गया आणि नेपाळ अशी ती यात्रा कराडहून निघायची. मी सांगलीच्या एका शाळेत हिंदी शिकवत होते आणि तेवढ्या एका गुणावर आत्यानं मला सोबत घेतलं. "तुला त्यांची भाषा येती, मला माझं पोर वळखाय येतंय. दोघी मिळून हुडकू," ती म्हणाली. देवदर्शन वगैरे मंडळींना सांगायला होतं. आत्या पोराला शोधायला निघाली होती आणि हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक होतं.

आत्या कोरेगावकडची. तिकडं ऊस आणि फौज, दोन्ही घराघरात. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हवालदार होऊन घरी आलेले आणि घरालाही पलटणच समजणारे. एकुलता एक मुलगा. त्याला भरतीला पाठवला तर तो रांगेतूनच पळून आला. आमच्याकडं पोरानं चोरी केली तर लोक चार दिवसांत विसरतात, भरतीतून पळाला हे नातवंडांपर्यंत पुरतं. मामांनी चावडीसमोर पायातला बूट काढून त्याला झोडपला आणि वर बजावलं, "परत उंबरा चढलास तर तंगडी मोडीन." आमच्या घराण्यात कुणी कुणाचं कधी ऐकत नाही. त्या पोरानं बापाचं जन्मात एकदाच ऐकलं, ते हे. त्या दिवसापासून त्याचा पत्ता नव्हता.

मग काही वर्षांनी शेजारच्या गावचा एक जवान रजेवर आला आणि सांगू लागला, की काठमांडूला पशुपतीच्या दारात, भिकारी-बैराग्यांच्या रांगेत, दाढी वाढलेला तुमच्या पोरागत एक जण बघितला. मामा म्हणाले, "असला कोन आमच्या वळखीचा न्हाई," आणि उसाला पाणी द्यायला निघून गेले. आत्यानं त्याच आठवड्यात यात्रेचं नाव नोंदवलं.

आमच्या यात्रेला एक व्यवस्थापक होता. जगातलं सगळं त्याला कळायचं, फक्त वरणात मीठ किती घालावं ते सोडून. काठमांडूला उतरताना त्यानं भाषण केलं, "मंडळी, परदेशात एकच नियम. भिकारी आणि दलाल, कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. नजर भिडली की खिसा गेला." मंडळींनी नियम असा काही पाळला की बोलायची सोय नाही. घरी दारातल्या गोसाव्याला बोलावून भाकरी वाढणारी माणसं इथं माना खाली घालून, एकमेकांच्या टाचा बघत चालली. त्यांना आजही विचारा नेपाळ कसं आहे, तर सांगतात, पायऱ्या लय हायत.

दलालांचं कौतुक मात्र करायलाच हवं. रुद्राक्ष, कस्तुरी, शिलाजित, नवग्रहांच्या अंगठ्या, परदेशी छत्र्या, सगळं घेऊन ते अंगाला अंग लावून चालायचे. 'नको' या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ 'अजून थोडं कमी करा' असा असावा. मी माझी शाळेतली शुद्ध हिंदी बाहेर काढली, "कृपया हमें क्षमा कीजिए." त्यावर चौघांचे सात झाले. इतकी सभ्य बाई नक्की पैसेवाली असणार, हा त्यांचा हिशेब. एक गोरा हिप्पीही होता, अंगात भगवी कफनी, पायात काही नाही. चहाला पैसे मागत होता. दीडशे वर्षं आमच्या उरावर बसून पोट भरलं नाही वाटतं, असं मनात आलं, पण हिंदीत सांगता येईना.

आणि आत्या? पशुपतीच्या दारात सगळी बस जे करत नव्हती, ते ही बाई करत होती. प्रत्येक भिकाऱ्यासमोर उकिडवी बसायची, त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची, कपाळावरच्या जटा बाजूला सारायची. लहानपणी बैलाचं शिंग लागून पोराच्या भुवईवर खोक पडली होती, तिचा वण ती शोधत होती. भिकाऱ्यांना ही नवीनच तऱ्हा. पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पण तोंड बघायला येणारं कोण असतं? घटकाभरात सगळी रांग आमच्याभोवती गोळा झाली. लांबून व्यवस्थापक मला डोळे वटारून खुणावत होता, जणू आत्या माझ्या वर्गातली पोर आहे आणि मी तिला बाकावर उभी करणार आहे.

त्या गर्दीत कोटवाला एक रुद्राक्षविक्या होता. चाळिशीचा, तेल लावून भांग पाडलेला, अंगावर कुणा साहेबाचा जुना कोट. "माताजी क्या ढूँढ रही हैं?" त्यानं मला विचारलं. मी कपाळकरंटी, सांगून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो आत्यासाठी मुलगे आणू लागला.

पहिला आणला तो आत्यापेक्षा वयानं मोठा होता. दुसरा अस्सल नेपाळी, त्याला कोरेगाव म्हणजे खायची वस्तू वाटली असावी. तिसऱ्याच्या भुवईवर मात्र बरोबर खोक होती. आत्या आणखी जवळ सरकली. मलाही खरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आत्यानं पदराचं टोक ओलं करून वण पुसला, तर तो गेरूचा. सगळा पदराला आला. तिनं पिशवीतून दशमी काढली, वर चटणी घातली आणि त्या पोराच्या हातावर ठेवली. तो खाली मान घालून खाऊ लागला.

मी मात्र कोटवाल्यावर तुटून पडले. हिंदी व्याकरण तिथंच संपलं, पुढचं सगळं अस्सल सांगलीचं. लाज वाटत नाही का, एका आईशी असला खेळ करतोस, तुझ्या तोंडात किडे पडोत. त्याच्या कपाळावर आठी नाही. "बहनजी, एक नहीं तो दूसरा. हम छोड़ते नहीं," तो म्हणाला आणि शांतपणे माझ्यासमोर माळ धरली.

मी आत्याला दंडाला धरून ओढलं. ती जागची हलेना. म्हणाली, "काय म्हनला त्यो? सोडत न्हाई म्हनला न्हवं?"

"आत्या, लुच्चा आहे तो. चल."

"आसू दे लुच्चा. आपल्या ठान्यातल्या फौजदारानं एकदा नाव लिवून घेतलं आन् परत वळून बघितलं न्हाई. ही मानसं रोज हितंच असत्यात. येनाऱ्या-जानाऱ्याच्या मागं लागत्यात, कुनाला सोडत न्हाईत. माझं पोर हितनं गेलं, तर ह्यांच्या हातनं सुटल व्हय गं?"

मी तिचा दंड सोडला. आत्या पायरीवर ऐसपैस बसली. कोटवाल्याला समोर बसवलं, मागून आणखी माळावाले, फुलवाल्या, दोन भिकारी, अशी शाळा भरली. मी त्यांना समजावून सांगितलं, की तुम्ही गुजराती माणसाला गुजरातीत हाक मारता, बंगाल्याला बंगालीत मारता, तशी मराठी माणसाला एक हाक मारायची. आत्यानं ती हाक घोटून घेतली.

"घरी ये रं. आबा काय बोलत न्हाईत."

पोरगा बापाला आबा म्हणायचा. माझ्या वर्गात एक वाक्य पाठ करून घ्यायला महिना जातो. या लोकांनी चहा यायच्या आत पाठ केलं, आमच्या गावाकडच्या हेलासकट. आत्यानं शिकवणीची फी म्हणून कोटवाल्याकडून एक नकली माळ घेतली आणि तीही न घासाघीस करता, तेव्हा तो पहिल्यांदा जरा वरमला.

मी तिला हळूच विचारलं, "मामा असं म्हणालेत का कधी, की मी काही बोलणार नाही?"

"म्हनलं असतं तर मला हितं यावं लागलं असतं का?" आत्या म्हणाली.

पोरगा सापडला नाही. निघायच्या दिवशी बस हलली तेव्हा कोटवाला आमच्याच मंडळींच्या मागं लागून ओरडत होता, घरी ये रं, आणि खिडक्यांतली मंडळी व्यवस्थापकानं शिकवल्याप्रमाणं दुसरीकडं बघत होती. मला रडू कोसळलं. आत्या रडली नाही, तिनं फक्त खिडकी लावून घेतली नाही. घरी आल्यावर मामांनी विचारलं, काशी नीट झाली का. आत्या म्हणाली, झाली. नेपाळचं ना त्यांनी विचारलं, ना तिनं सांगितलं.

पुढं दोनेक वर्षांनी मी मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडं होते. गावातल्या सोसायटीचे सेक्रेटरी नेपाळची यात्रा करून आले होते, प्रसाद द्यायला आले. सोबत ऊन नसताना उघडलेली नवी परदेशी छत्री. मामा सोप्यात विळ्याला धार लावत बसले होते.

"लय वंगाळ लोक, हवालदार," सेक्रेटरी सांगू लागले. "गोचडीगत चिकटत्यात. आन् इपरीत काय, तर पशुपतीच्या दारात मराठी बोलत्यात. मला म्हनत्यात, घरी ये रं, आबा काय बोलत न्हाईत. आवं, मी साठीचा मानूस, माझं आबा जाऊन जमाना झाला. कुनी शिकवलं आसंल त्या येड्यांस्नी?"

आत्या चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मामांचा विळा थांबला. आता बूट निघतो, असंच मला वाटलं. मामांनी आत्याकडं बघितलं.

"सगळ्यास्नी म्हनत्यात?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

"आवं, मराठी दिसला की म्हनायचंच. येकाला सोडत न्हाईत."

"नीट म्हनत्यात? आबा काय बोलत न्हाईत, असंच?"

"अगदी असंच."

मामांनी विळा खाली ठेवला.

"म्हनू द्यात," ते म्हणाले. "खरं हाय त्ये."