ओबेद लार्क तिसगावात मराठी बोलतो

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते खळ्यावरच्या भुशासारखे असतात. एका कोपऱ्यात आपोआप साचतात आणि वारा सुटला की सगळ्यांच्या अंगावर येतात. आमच्या रविवारच्या मंडळात असा भुसा बराच साचलाय.

मंडळ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. तिसगावला चर्चच्या आवारात एक लांबोडका हॉल आहे. महिन्यातल्या एका रविवारी उपासना आणि जेवणं आटोपली की आम्ही खिडक्यांवर घोंगड्या टांगून दुपारची रात्र करतो आणि सिनेमा लावतो. सिनेमा बहुतेक वेळा एकच. ओबेद लार्क नावाच्या घोडेस्वाराचा. अमेरिकेतलं माळरान, पांढरी हॅट, गळ्यात रुमाल, कमरेला पिस्तूल. फार पूर्वी कुणी एक मिशनरी मायदेशी परतताना ती रिळं आणि प्रोजेक्टर मागे ठेवून गेला. प्रोजेक्टरवर चित्र दिसायचं, आवाज मात्र यायचा नाही. म्हणून शमुवेल सर पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले आणि सगळ्यांचं बोलणं मराठीत बोलू लागले. ओबेदचं, दरोडेखोरांचं, बायकांचं, वेळ पडली तर घोड्याचंसुद्धा.

सर आता शाळेतून निवृत्त झालेत, पण त्या खुर्चीतून नाही. मी त्यांना ऐकत वाढले, कॅनडात जाऊन सिनेमा शिकले, आणि परत आले ती या हॉलसाठीच. गोष्ट ज्या भाषेत पहिल्यांदा ऐकली त्याच भाषेत ती माणसाच्या आत घर करते, असं माझं ठाम मत आहे. नगरच्या माझ्या मैत्रिणी यावर हसतात. हसू देत.

यंदा सरांचा आवाज बसला. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ऑपरेशन केलं तर सर वाचतील, पण स्वरयंत्र काढावं लागेल. सर तयार नव्हते. मार्थामावशी, म्हणजे त्यांची बायको, सांगून थकली. मी तेवढ्यात त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. रेकॉर्डिंग थोडं व्हायचं, गप्पाच जास्त व्हायच्या. त्यातल्या काही इथे सांगते.

*

पहिल्याच रिळात ओबेद दारूच्या गुत्त्यात शिरतो. हॉलमध्ये पहिल्या रांगेत पाळकसाहेब बसलेले. ओबेदने ग्लास तोंडाला लावला आणि सर शांतपणे म्हणाले, "प्रवासात त्याला सर्दी झाली होती. त्याने काढा मागवला."

पाळकसाहेबांनी समाधानाने मान हलवली. ओबेदने दुसरा ग्लास घेतला. तिसरा घेतला. शेजारचा एक दाढीवाला तर पिता पिता टेबलाखालीच गेला.

आमच्याकडे बबनतात्या म्हणून आहेत. कांदा करतात. ते चर्चला कधी येत नाहीत, पण सिनेमा कधी चुकवत नाहीत. ते मागून म्हणाले, "मास्तर, काढ्यानं मानूस पडतो व्हय?"

"कडू होता, तात्या," सर म्हणाले.

तेव्हापासून गावात कुणी झोकांड्या खात घरी निघाला की लोक एकमेकांना सांगतात, "सर्दी लई झाल्याली दिसतीय."

*

सिनेमात एक बाई आहे. ओबेद तिच्या घरी येतो, ती दारात उभी असते, वाऱ्यावर तिचे केस उडत असतात. हॉल आयाबायांनी आणि पोरांनी भरलेला. सरांनी तिला ओबेदची धाकटी बहीण करून टाकलं. ओबेद लार्कचा 'ओबेदभाऊ' झाला तो तेव्हाच.

इथवर ठीक होतं. पण पुढे ती दोघं एकमेकांच्या फारच जवळ येऊ लागतात. तो क्षण आला की सर उठून आपली टोपी प्रोजेक्टरपुढे धरत आणि अंधारात सांगत, "बहिणीनं भावाला ओवाळलं."

मी शपथेवर सांगते, त्या अंधारात मला निरांजन दिसायचं. त्याचा पिवळा उजेड ओबेदच्या रुमालावर पडलेला दिसायचा.

कॅनडात पहिल्याच सत्रात मी ओबेद आणि त्याच्या बहिणीच्या नात्यावर निबंध वाचून दाखवला. सगळे माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आमच्या प्राध्यापकबाईंनी फार सौम्यपणे विचारलं, "तू सिनेमाची कुठली आवृत्ती पाहिली आहेस?"

मी म्हटलं, "तिसगावची."

*

एकदा घोंगडीच्या फटीतून एक चिमणी आत शिरली. बाहेर रणरणतं ऊन, आत तो थंड अंधार आणि अंधारातून जाणारा उजेडाचा पट्टा. त्यात धूळ तरंगत होती. चिमणी त्या पट्ट्यात आली आणि तिची सावली पडद्यावरच्या आभाळात पसरली. केवढी तरी.

"घार आली," सर म्हणाले. "ओबेदभाऊनं मान वर केली."

आणि ओबेदने खरंच मान वर केली! सिनेमात तो तिथे का वर बघतो, हे मला आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ओबेदने वर पाहिलं तर आभाळ रिकामं. पोरं बेचैन झाली. घार कुठंय, घार कुठंय. सर म्हणाले, "उन्हाळा आहे ना. पाण्याकडे गेली असेल."

त्याच्या पुढच्या रविवारी हॉलच्या खिडकीत कुणीतरी मूठभर बाजरी आणि वाटीत पाणी ठेवलं होतं.

*

सिनेमाच्या मध्यावर तिथल्या मूळ रहिवाशांची एक टोळी घोडे उधळत येते. मुळात ते लोक शत्रू आहेत आणि ओबेद त्यांच्यावर गोळ्या झाडतो. सर मात्र सांगत, "हे मेंढपाळ. यांचं चराईचं रान कुणीतरी कुंपण घालून बळकावलंय. ते परत मागायला आलेत. ओबेदभाऊ त्यांच्या बाजूनं आहे."

आता पंचाईत अशी की पडद्यावर ओबेद धडाधड पिस्तूल चालवतोय.

"हवेत बार काढतोय," सर म्हणत. "कुंपणवाल्यांना भेव दाखवायला."

"मग ही मानसं खाली पडत्यात कशी?" तात्या.

"घोडे बुजले."

कॅनडात या विषयावर आम्हाला अख्खा पेपर होता. ओबेदच्या गोष्टीत त्या लोकांची बाजू कुणी मांडली, कधी मांडली. जुन्या सिनेमांनी नाही, ओबेदवर पुढे निघालेल्या टीव्ही मालिकेने नाही. कॉमिक्सवाल्यांनी मांडली, ती अगदी अलीकडे. परत आल्यावर मी हे सरांना मोठ्या जोशात सांगितलं. म्हटलं, "सर, जगाला जे इतक्या उशिरा सुचलं ते तुम्ही या हॉलमध्ये केव्हाच केलंत."

"अगं रिबका," ते म्हणाले, "त्या दिवशी समोर धनगर बसले होते. खिडक्यांवरच्या घोंगड्या त्यांच्या. राग येऊन त्यांनी त्या काढून नेल्या असत्या, तर सिनेमा उजेडात दाखवायचा का?"

*

गावात केबल आली तेव्हा ओबेदची रंगीत मालिका लागायची, हिंदीत. त्या ओबेदला टुमदार घर होतं, बागेत फुलं होती, सासू होती, हुशार कुत्रा होता. तो पिस्तूल काढायचाच नाही. सगळी भांडणं चहाच्या टेबलावर मिटवायचा आणि शेवटी सगळे मिळून हसायचे. कपडे कायम इस्त्रीचे. एवढ्या मोठ्या माळावर राहून बुटाला कधी माती नाही.

मला तोही आवडायचा. शाळेतून आले की पाय पोटाशी घेऊन त्या निळ्यानिळ्या डोंगरांकडे बघत बसायचे. वाटायचं, आपल्या करंजीच्या घाटापलीकडे हेच असणार.

तात्यांनी मालिकेचे दोन भाग आमच्याकडे बसून नीट पाहिले आणि ते उठले.

"ह्यो ओबेद न्हाई," ते म्हणाले. "ह्यो त्याचा नगरात सावेडीला फ्लॅट घेतल्याला चुलतभाऊ हाय."

*

परत येताना मी ओबेदची नवी कॉमिक्स बॅगेत भरून आणली. त्यांतला ओबेद म्हातारा झालाय. दाढी वाढलेली, हॅट फाटकी. तरुणपणी ज्यांना मारलं ती माणसं त्याला माळावर दिसतात. पानंच्या पानं एक शब्द नाही. नुसता पाऊस, घोडा आणि दूरवर एक दिवा. जाणकार म्हणतात, हाच खरा ओबेद.

मी ती सरांना ओसरीवर दाखवली. मावशी बाजूला मेथी निवडत होती. सर एकेक पान उलटत गेले. चित्रांवरून बोट फिरवत राहिले. त्यांचा आवाज तेव्हा फार खरखरीत झाला होता, जवळ सरकून ऐकावं लागायचं.

"हा बोलत का नाही?" त्यांनी विचारलं.

"बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं दाखवायचंय त्यांना," मी म्हटलं.

"मग जगतोय कशाला?"

मावशीने ते कॉमिक ओढून घेतलं, लांब धरून पाहिलं आणि परत मेथीच्या जुडीकडे वळली.

"घोड्यावर बसून फिरतोय की चांगला," ती म्हणाली. "न बोलता मानूस मरतो हे कुनी सांगितलं तुमाला? मी न्हाई का ऱ्हायले इतकी वर्सं? घरात बोलायची पाळी आलीया का माझी कधी?"

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

मला इंटरनेटवर त्या जुन्या सिनेमाची प्रत सापडली, मूळ आवाजासकट. सरांनी ओबेदचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी उलट मलाच अट घातली.

"या रविवारी हाच लाव," ते म्हणाले. "मी गप्प बसतो. माझ्यावाचून ओबेद चालला, तर सोमवारी पुण्याला जाऊन ॲडमिट होतो. नाही चालला, तर ऑपरेशनचं नाव कुणी काढायचं नाही."

मावशी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

रविवारी हॉल भरला. बातमी पसरलीच होती. सर पडद्याशेजारी बसले नाहीत, पहिल्या रांगेत येऊन बसले, हात मांडीवर ठेवून. पडद्याशेजारची खुर्ची मात्र कुणीतरी सवयीने मांडली होती. मी लॅपटॉपवर सिनेमा सुरू केला. वारा वाहिला, घोड्याच्या टापा वाजल्या. सगळं कसं सुरेख घुमत होतं. मग ओबेदने तोंड उघडलं.

आवाज बारीक होता. नाकातला. घाईघाईचा.

लोक पाहुण्याचं ऐकावं तसे मुकाट ऐकत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. तात्यांनीसुद्धा नाही. अर्ध्यावर सिनेमा गेला तरी तसंच. मी मनात म्हणत होते, चालतोय, चालतोय.

भिंतीला टेकून पारूआत्या बसली होती. तिची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली, ती येते फक्त ऐकायला. ती मोठ्याने म्हणाली, "आरं, ह्यो कोन मधी मधी बोलतोय? त्याला गप करा, अन् भाऊला बोलू द्या."

हॉलमध्ये एकदम खसखस पिकली. सर मागे वळले आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. जिंकलेल्या माणसाचं होतं ते.

मागच्या रांगेतून मावशी उठली. चालत पुढे आली. आवाज कसा बंद करतात ते तिला ठाऊक नव्हतं, तिने स्पीकरची वायरच उपटली. सिनेमा मुका झाला. ती पडद्याशेजारच्या त्या खुर्चीवर जाऊन बसली.

पडद्यावर ओसाड पडलेलं गाव होतं. सगळे निघून गेलेत आणि एक म्हातारा फौजदार आपल्या ओसरीवरची खुर्ची सोडायला तयार नाही. ओबेद घोड्यावरून उतरतो, हॅट काढतो आणि त्याच्याशी बोलतो. या जागी सर दर वेळी काहीतरी नवं सांगायचे. आभाळाबद्दल, मातीबद्दल, मानाबद्दल. बायका डोळ्याला पदर लावायच्या.

ओबेदचे ओठ हलू लागले. मावशी बोलली, परड्यातून हाक मारावी तशा साध्या आवाजात.

"उठा आता. आवाज गावाला लागतो. मला मानूस लागतो. सकाळी सहाची पुन्याची गाडी हाय. पिशवी भरून दाराशी ठिवलीय."

उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. पडद्यावरचा म्हातारा बराच वेळ खाली बघत राहिला. मग त्याने गुडघ्यावर हात टेकले आणि तो उठला.

"हां," भिंतीकडून पारूआत्या म्हणाली. "आता बोलला भाऊ."