सतराचा पाढा भावाकडे होता

आमच्या वरोरच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. सुकी मासळी बांधायला आई डहाणू रोडहून रद्दी आणायची, तिच्यात साऱ्या मोर्च्यांची पत्रकं असायची. मी तीच वाचत वाढले. जेवताना मीठ हवं असलं तरी मी आधी मागणी मांडते.

माझी धाकटी बहीण, सहा भावंडांतली पाचवी, दहावी पास झाली. तिला डहाणूला सायन्सला जायचं होतं. बाबा हो-नाही करत होते, तेवढ्यात तलासरीहून आत्या आली. तिला एकच मुलगा, त्याला शिकवणीचे क्लास दोन.

"दादा, सहा पोरांत डोकं वाटलं की एकेकाच्या वाट्याला चटणीएवढंच येणार," ती म्हणाली.

मी ताडकन उभी राहिले. "बुद्धी म्हणजे काय सातबारा आहे, हिस्से पडायला?"

"खाली बस," आई म्हणाली. "बोंबील तुडवशील."

बाबांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. "सतरा साते?"

बहिणीने शांतपणे भावाकडे पाहिलं. "एकशे एकोणीस," भाऊ म्हणाला.

त्यात तिची चूक नव्हती. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकताना आम्ही पाढे ओरडायचो. सगळ्यांनी सगळे कशाला, म्हणून वाटून घेतले होते. सतराचा भावाचा, एकोणिसाचा माझा. शाळेतही दोन-दोन इयत्ता एकाच वर्गात बसायच्या, बाकावर शेजारी भावंड असलं की आमचं भागायचं.

"मग सहाही जणांना एका बाकावर बसवून कॉलेजला पाठव," आत्या म्हणाली.

"ही ज्ञानाची सामूहिक मालकी आहे," मी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही. बाबांची मान मात्र नकाराच्या बाजूला कलली होती.

बहिणीचा चेहरा लाल झाला. "आत्या, आमच्यात कोणाचाच नाही असा पाढा विचार."

"सदतीस साते," आत्या म्हणाली आणि मोबाइल काढला.

"चाळीस साते दोनशे ऐंशी," बहीण म्हणाली. "त्यातून एकवीस काढ. दोनशे एकोणसाठ."

आत्याने मोबाइलवर गुणाकार केला, मग पुन्हा केला, आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"चहा टाक," बाबा आईला म्हणाले. मग बहिणीकडे वळले. "सोमवारी जा. ताईला घेऊन जा सोबत." मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "पण कॉलेजात बोलायचं तू. ती बोलली तर ते दोघींनाही घेणार नाहीत."