गुळव्या नानाचा राग

गुळव्या नाना आधी हाणायचा, मग बोलायचा. पलूसकडच्या गुऱ्हाळावर चाळीस वर्षं गूळ त्यानं काढला आणि चुलवाणात जाळ मी घातला. ओलं चिपाड घातलं म्हणून त्यानं माझ्या पाठीत फावडं घातलं, त्याचा वण अजून आहे. ऊस उशिरा आणला म्हणून एका गाडीवानाचा दात पाडला. मग तो दात कागदात गुंडाळून, वर गुळाची ढेप घेऊन त्याच्या घरी गेला. म्हणाला, "तुजा दात माज्याकडं कशाला?"

धुरानं आणि बिडीनं त्याची छाती खाल्ली. पाय सुजले. मिरजेची डॉक्टरीण म्हणाली, "नाना, फुप्फुसं खराब झालीत, त्याचा ताण हृदयावर येतोय. ही सूज त्याचीच. बिडी बंद, धूर बंद. आणि बरं वाटलं तरी हा औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ तोंडात ओढायचाच."

बाहेर येऊन नानानं बिडी पेटवली. "काहिलीत रस उकळून मळी वर आल्याबिगार आपण भेंडीचं पाणी टाकतो का रं? मग दम लागल्याबिगार पंप कशाला?"

मला ते पटलं. नानाची बायको, आमच्या वहिनी, कुरकुरल्या, तर मीच त्यांना म्हणालो, "डॉक्टरणीनं कवा गूळ काढलाय व्हय?"

त्याच हंगामात तो काहिलीपाशी कोसळला. ओठ काळेनिळे. उचलायला गेलो तर पोटात लाथ घातली. दवाखान्यात तोंडावरचा मास्क उपसून फेकला, नर्सचा हात पिरगाळला. "सोडा, न्हाईतर एकेकाला काहिलीत घालीन." ती पोरगी रडायला लागली. मी पुढं झालो आणि त्याच्या थोबाडीत दिली. जन्मात त्याला कुणी मारलं नव्हतं. मास्क लावून मी त्याची मनगटं धरून बसलो.

वाचला, पण माझ्याशी बोलणं तोडलं. वहिनी सांगायच्या, "आवं, बिडी सुटली. पंप एक वेळ चुकवत न्हाईत. म्हणत्यात, त्या मुडद्याला मसणात पोचवल्याबिगार मी मरत न्हाई."

डॉक्टरणीनं चालायला सांगितलं होतं. रोज सकाळी तो थांबत थांबत माझ्या दारावरून जायचा आणि थुंकायचा. मी मुद्दाम त्याला दिसेन असा बसायचो. वहिनी म्हणाल्या, "जाऊन पाय धरा की." धरले नाहीत. राग निवला तर पंपही सुटेल, ही भीती होती.

तीन वर्षं तो असा थुंकत जगला. गेल्या थंडीत एक दिवस आला नाही. दुपार कलली तरी मी दारातून उठलो नाही.