उदबत्ती जळेपर्यंतचं काम

हुंग मालकांच्या कारखान्यात सायकलचं पुढचं चाक धरणारे चिमटे बनतात. लोखंडाचे नव्हेत, काळ्या कार्बनच्या कापडाचे. कापडाला राळ लावलेली असते. ते थरावर थर देत साच्यात बसवायचं, साचा भट्टीत सारायचा, राळ पक्की झाली की चिमटा बाहेर. एका चिमट्याला माणसाचा किती वेळ लागेल आणि भट्टीचा किती, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं. ते ठरवते आमची पाओ-चूताई. तिचा लाल शिक्का बसल्याशिवाय आकडा कारखान्याच्या दाराबाहेर जात नाही.

ती मूळची ताच्या शहराच्या पलीकडची, समुद्राकडच्या गावची. आई लव्हाळ्याच्या टोप्या विणायची. लव्हाळा वाळवायचा, ओला करायचा, ठोकून मऊ करायचा, तेव्हा कुठे तो विणायला वळतो. पण टोप्या न्यायला येणारा व्यापारी कष्ट धरायचा ते फक्त विणण्याचे. "लव्हाळा भिजत होता तेव्हा तू काय करत होतीस? बसलीच होतीस ना?" असं तो तिच्या आईला विचारायचा. पाओ-चूताई हे सांगते तेव्हा अजून तिचा आवाज चढतो.

लग्नानंतर ती इथे थर लावायला लागली. राळेने हातांना फोड यायला लागले, बोटं भेगाळली, तेव्हा मालकांनी तिच्या हातात घड्याळ दिलं आणि वेळ मोजायला बसवलं. लोक म्हणतात मालकांनी उपकार केले. कसले उपकार? आमच्या थर लावायच्या खोलीतल्या कामाचा वेळ ज्याने ते काम केलंय त्यालाच कळतो, हे मालकांना ठाऊक होतं.

ती वेळात सगळं धरायची. साचा पुसणं, मान अवघडली की एकदा उठणं, आणि कापड निवांत ठेवणं. कापड ठेवतात बर्फाच्या कपाटात. तिथून काढून लगेच पिशवी उघडली तर गार बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. तो थरांमध्ये अडकतो आणि भट्टीत त्याचे बुडबुडे होतात. वरून चिमटा देखणा, आतून पोकळ. एखादा पोरगा त्या सायकलवरून उतारावर सुटला तर? म्हणून पिशवी बंद ठेवून थांबायचं.

त्या वर्षी मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्याकडचा, वेळ मोजणारा माणूस आला तो नेमका चांद्र महिन्याच्या सोळाव्या तिथीला. दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला आमच्या दारात भूमिदेवाची पूजा असते. टेबलावर फळं, बिस्किटं, चहा मांडायचा, उदबत्त्या लावायच्या. त्या जळत येईपर्यंत देव जेवतो. मग देवाच्या नावाने कागदी नोटा जाळायच्या आणि कामाला लागायचं. त्या दिवशी आम्ही सगळ्या लवकर येतो. माझ्या शेजारी बसणारी सू-लान, आमच्यातली सगळ्यात जुनी. तिने उदबत्ती लावतानाच कापडाच्या पिशव्या काढून ठेवल्या.

"पाहुण्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे बरं दिसत नाही," ती म्हणाली.

मलाही ते पटलं. आमच्याकडे पाहुण्यासमोर कुणी पसारा मांडत नाही.

तो माणूस आला, चहा प्यायला आणि खोलीत येऊन त्याने घड्याळ दाबलं. तोवर कापड छान मऊ झालेलं. त्यात आम्ही बायका अशा चढाओढीने हात चालवले की जणू लग्नघरी आहोत. एकीने मान वर केली नाही. त्याने आकडा काढला आणि मालकांना म्हणाला, "तुमच्या बाईंनी सांगितलेला वेळ भलताच सैल आहे."

आणि बाई कुठे होत्या? मालकांनी तिला चहा ओतायला बसवलं होतं! जिचं काम वेळ मोजण्याचं, तिच्या हातात किटली. तरी ती म्हणाली, "साहेब, कापड आज आधीच काढून ठेवलं होतं. तो वेळ तुम्ही पाहिलाच नाही."

"पाओ-चू, पाहुण्यासमोर नको," मालक हसत हसत म्हणाले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

दुसऱ्याच दिवशी नवा वेळ लागू झाला. निवांत ठेवण्याचा भाग गेला. गार कापड तसंच उघडायचं. आठवड्याभरात चाचणीचे चिमटे निघाले. आम्ही नाण्याने ठोकून बघतो. चांगला चिमटा खणखणतो. हे ठोकले तर भिजल्या लाकडासारखे बद्द.

मालक तणतणत आत आले आणि सरळ सू-लानसमोर उभे राहिले. "हात म्हातारे झाले तुमचे. उद्यापासून घासायच्या खोलीत जा."

घासायच्या खोलीत काळी धूळ उडते. सू-लानला आधीच दम्याचा त्रास. ती हातमोजे काढून त्यांची नीट घडी करत बसली. ते मला पाहवेना. मी म्हटलं, "भट्टीला खाऊ आणि आम्हाला शिव्या." भट्टीच्या डोक्यावर आम्ही खाऊचं हिरवं पाकीट ठेवतो, तिने शहाण्यासारखं वागावं म्हणून. मालकांनी ऐकलं असेल, पण वळले नाहीत.

मग त्यांनी गिऱ्हाइकाला पाठवायचा कागद पाओ-चूताईपुढे ठेवला. वेळ बरोबर आहे, दोष सू-लानच्या हातांचा आहे, असं त्यात होतं. "शिक्का मार."

"नाही मारणार."

"मग तूही घासायला जा."

"जाईन. शिक्का बरोबर घेऊन जाईन."

मालक म्हणाले, दुसऱ्या तिथीच्या पूजेपर्यंत विचार कर. तोवर सू-लान इथेच, त्यानंतर तिचा निकाल लावतो.

त्या रात्री मी समुद्राच्या देवीपुढे, माझू माउलीपुढे बसले. काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, आई, खरं कुणाच्या तरी तोंडून निघू दे.

दुसरी तिथी आली. दारात टेबल मांडलं. मालकांनी उदबत्त्या लावल्या, रोवल्या आणि नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले. मागे आम्ही सगळ्या. एवढ्यात पाओ-चूताई घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हे काय?" मालक पुटपुटले.

"वेळ मोजतेय. तुम्ही मघापासून उभे आहात. हात चालत नाहीत, पाय चालत नाहीत. तुमचं काय लिहू? रिकामे?"

"अगं, देव जेवतोय! मध्येच आवरलं तर पूजा बिघडेल."

"मग सू-लानने काय वेगळं केलं होतं?" तिचा आवाज चढला. "कापड निवांत व्हायचंय म्हणून ती थांबायची. ते थांबणं तुम्ही कापलंत, काम बिघडलं, आणि म्हातारे झाले कुणाचे हात? तिचे! तुमचं थांबणं पूजा आणि तिचं थांबणं आळस?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मालकांचे कान लाल झाले. पण हलणार कसे? उदबत्ती जळत होती. देवाकडे पाठ फिरवता येईना.

सू-लान गुपचूप आत गेली. बर्फाच्या कपाटातून पिशवी काढून तिने टेबलावर ठेवली, तशीच, न उघडता, आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. कागदी नोटा जाळून झाल्या तेव्हा पिशवीवरचा घाम सुकला होता. तिने थर लावले. भट्टीतून निघालेला चिमटा मालकांनी स्वतः नाण्याने ठोकला. खणखणला. त्यांनी आणखी दोनदा ठोकला, कानावर विश्वास नसल्यासारखा.

दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला. जुना वेळ परत आला. संध्याकाळी नवा कागद आला आणि त्याबरोबर आमच्या खोलीत अननसाच्या वड्यांचा डबा.

पाओ-चूताईने कागद वाचला. वड्यांना हात लावला नाही. "मालक, सू-लानला आधी सांगा."

"वड्या पाठवल्या ना!"

"हात म्हातारे झाले असं तोंडाने म्हणालात. वड्यांनी नव्हे."

मालक दारात घुटमळले. मग सू-लानच्या टेबलापाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, चूक माझी. तुमचे हात चांगले आहेत."

सू-लानने मान हलवली आणि एक वडी त्यांच्यापुढे केली.

तेव्हा कुठे पाओ-चूताईने खिशातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कागदावर टेकवला.