बाईंची मान आणि मी

आमच्या घरमालकीण बाईंनी "मैफलीत माझ्या शेजारी उभी राहून पानं उलटशील का?" असं विचारलं, तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग मोरीत जाऊन रडले. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. नवऱ्याला शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून मी कोकणातून थेट गारखेड्यात, बाईंच्या मागच्या खोलीत येऊन पडले होते. ओळखीचं कुणी नाही, त्यात टायफॉइड. तेव्हा बाईंनी मला रोज भाताची पेज करून घातली, तीही कोकणातल्या कुणाला तरी फोनवर विचारून. अशा माणसाला नाही कसं म्हणणार? पण मी सातवीतून शाळा सोडलेली. त्यांच्या पियानोचं ते लिहिलेलं संगीत मला कागदावर मुंग्यांची वरात निघाल्यासारखं दिसायचं.

"वाचायचं नाहीच तुला," बाई म्हणाल्या. "मी मान हलवली की उलटायचं. बास."

बाईंचा पियानो म्हणजे चित्रात दिसतो तसला नव्हे. चौकोनी, टेबलासारखा, त्यांच्या पणजीपेक्षा जुना. छावणीतल्या एका बंगल्यात त्याच्यावर कपड्यांना इस्त्री करत होते, तिथून बाईंनी तो सोडवून आणला. आतला सांगाडासुद्धा लाकडाचा. इथला कोरडा उन्हाळा त्याला माझ्याइतकाच सोसत नाही, म्हणून कूलर आधी त्याला, मग आम्हाला. एवढं करूनही सांगाड्याला चीर गेलीच. पुण्याहून आलेला कारागीर बजावून गेला होता, या उन्हाळ्यानंतर तारा कायमच्या सैल करा, नाहीतर मोडेल. तारा सैल म्हणजे वाजणं बंद, म्हणून ही मैफल. त्या पियानोच्याच वयाची एक रचना होती, कुणा जर्मन बाईची, जिचं नाव तिच्या गल्लीतही कुणाला आठवत नसेल. ती याच पियानोवर, लोकांसमोर, एकदा अथपासून इतिपर्यंत वाजवायची, एवढंच बाईंना हवं होतं.

मी इतका सराव केला की औरंगपुऱ्यात भाजीवाल्यानं मान हलवली तरी माझा हात वर जायचा.

सहाची वेळ दिली होती. सहाला घरातल्या हॉलमध्ये फक्त शेजारचे काका-काकू आणि बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी. कूलर आवाज करतो म्हणून बंद केला. बाईंनी सुरुवात केली. पहिलं पान नीट पार पडलं. मग दार उघडून कोपऱ्यावरचे मेडिकलवाले आत आले आणि त्यांनी लांबूनच नमस्कार केला. बाईंनी मान हलवली. मी पान उलटलं.

ती मान "या, बसा" म्हणत होती हे मला कळायला हवं होतं. पण घाबरलं की मी सांगितलं तेवढंच करते. मागोमाग बँकेतले साहेब आले. मान. पान. मग एक अख्खं कुटुंब आलं. बाईंनी प्रत्येकाला वेगळी मान दिली, कडेवरच्या बाळालासुद्धा. मी बाळाचंही पान उलटलं. मुंग्या संपल्या, मागचा पुठ्ठा आला.

"मागे! मागे!" बाई दात न उघडता म्हणाल्या. पुढच्या रांगेनं मुकाट्यानं खुर्च्या मागे सरकवल्या.

बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"वा मॅडम, लई भारी!" काका म्हणाले. "झालं व्हय?"

"नाही हो. बिघडलं."

मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "बाई, दाराला कडी घालू?"

"पाहुण्यांच्या तोंडावर? वेडी का गं तू?"

"मग तुम्ही नमस्कार घेऊ नका."

"ते कसं जमेल?"

शेवटी काकू उठल्या. "मॅडम, तुमाला नाय जमायचं ते. आवो," त्यांनी काकांना हुकूम सोडला, "बाहीर जाऊन उभं ऱ्हावा. येईल त्याला ओट्यावर बसवा. आन् बोलू नका कुणाशी. तुमचं हळू बोलणं करमाडपर्यंत ऐकू जातंय." काका गेले. काकूंनी आतून कडी घातली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या पियानोचा आवाज भरदार नाही. थोडी खरखर, म्हाताऱ्या माणसानं जवळ बसवून गोष्ट सांगावी तसा. प्रत्येक मानेला मी आधी दाराकडे बघायचे, कडी आहे ना, आणि मगच उलटायचे. मध्येच आतून 'कट्' असा आवाज आला. बाईंचं तोंड उतरलं, पण बोटं थांबली नाहीत. शेवटी सूर बारीक होत होत गेला आणि विरला.

कुणी टाळी वाजवेना. संपलं हे ठरवायचं कुणी? "आता झालं," बाई म्हणाल्या, आणि मग टाळ्या झाल्या, आतून आणि बाहेरूनही. काकूंनी दार उघडलं. ओट्यावर, पायऱ्यांवर, गेटाशी स्कूटरवर, आतल्यापेक्षा दुप्पट माणसं. मधोमध काका, तोंडावर बोट ठेवून.

"मॅडम, आमाला निम्मंच ऐकू आलं," पायरीवरची एक जण म्हणाली. "मधीच शेजारचा मिक्सर चालू झाला ना."

बाईंनी पियानोची चीर बोटानं चाचपली. मी डोळ्यांनीच नको नको म्हणत होते.

"या, सगळे आत या," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पहिल्यापासून लाव गं."

"बाई, मोडला तर?"

"म्हणून तर म्हणते, लवकर लाव."