पुस्तक बघून सांगतो

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. बायकोला माझ्या बाकी सगळ्या खोडी पाठ आहेत, ही तेवढी नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी एरंडोलकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीला वायूंचा धडा असतो. सिलिंडरमध्ये वायू कोंडलेला, वर सरकता दट्ट्या. उष्णता दिली की वायू फुगतो, दट्ट्या ढकलतो, म्हणजे कार्य करतो, आणि उरलेली उष्णता त्याची आंतरिक ऊर्जा वाढवते. आम्ही भौतिकवाले वायूने केलेलं कार्य मोजतो, म्हणून ते उष्णतेतून वजा करतो. रसायनवाले वायूवर झालेलं कार्य मोजतात, म्हणून ते मिळवतात. चिन्हं उलटी, उत्तर एकच.

त्या वर्षी रसायनाला नवीन मॅडम आल्या होत्या, तासिका तत्त्वावर — घेतले तेवढ्या तासांचा पगार, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. धुळ्याहून रोज एसटीने यायच्या. शिकवायच्या फार छान. मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्या टेबलाभोवती गोळा व्हायची, माझ्या विषयाच्या शंकाही त्यांनाच विचारायची. मला ते सलायचं. का सलावं? माझी नोकरी पक्की, गावात मान. पण सलायचं, खरं ते खरं.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, की मॅडम अधिक लिहितात आणि तुम्ही वजा, असं कसं? मी तिथेच समजावू शकलो असतो. त्याऐवजी म्हणालो — मॅडमच्या सिलिंडरमधला वायू उलटा फुगत असेल! वर्ग खो-खो हसला. मीही हसलो.

तो विनोद घरोघरी पोचला. मग चाचणीत चिन्हांच्या गोंधळात मुलांचे गुण गेले, खापर मॅडमवर फुटलं, आणि त्याच मुलीचे वडील कापसाची वेचणी टाकून थेट प्राचार्यांकडे आले. आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"ह्या सर वायलं सांगतस, त्या मॅडम वायलं सांगतस," ते म्हणाले, दोघं वेगवेगळं सांगतात म्हणून. "मंग खरं कोनं शे?"

मॅडमनी समजावायला सुरुवात केली — नीट, अगदी बरोबर. पण प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी हात वर करून मॅडमना थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. जुना माणूस मीच ना!

उत्तर माझ्या जिभेवर होतं. उदाहरणसुद्धा सुचलं होतं — जळगाववाल्याला एरंडोल पश्चिमेला, धुळेवाल्याला पूर्वेला, एरंडोल आपलं जागच्या जागी. एवढं बोललो असतो तर तो भला माणूस चहा घेऊन हसत घरी गेला असता.

मी म्हणालो, "पुस्तक बघून सांगतो."

अर्धं आयुष्य तोच धडा शिकवण्यात गेलेला माणूस हे म्हणाला. मॅडम चुकल्या आहेत आणि सर मोठ्या मनाने झाकताहेत, असंच सगळ्यांनी धरलं. ते तसंच धरतील हे मला कळत नव्हतं का? — कळत होतं. म्हणूनच तर मी तेच वाक्य निवडलं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते आहे.

पुढच्या वर्षी मॅडमना तास नाहीत असं ठरलं. कारण एकच, पालकांची तक्रार. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करून त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, पुस्तक बघितलंत का?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. मी प्राचार्यांशी बोलेन आणि तास परत मिळतील, असं त्यांना अजून वाटत होतं. मी म्हणालो, राहून गेलं. त्या "बरं सर" म्हणाल्या आणि धुळ्याची गाडी गाठायला गेल्या.

आता तो धडा आला की मी फळ्यावर दोन्ही समीकरणं शेजारी शेजारी लिहितो आणि एरंडोलचं उदाहरण देतो. मुलांना ते लगेच समजतं. कोणालाच पुस्तक बघावं लागत नाही.